आजीच्या कोंबडीला बल्ब नव्हता

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या गावातल्या एका बचत गटाच्या बैठकीला गेलो होतो. गटातल्या बायकांनी मिळून गिरिराजाची शंभर पिल्लं आणायचं ठरवलं होतं. एक दिवसाची, हॅचरीतून खोक्यातून येणारी. चहा झाला, पैशांचा हिशेब झाला, आणि मग मागच्या रांगेतल्या एका वहिनींनी कामाचा प्रश्न विचारला : "पिल्लं घरातनं खुराड्यात न्यायची कधी?"

उत्तर द्यायला गावातले एक जाणते गृहस्थ बसलेलेच होते. "२१ दिवस," ते म्हणाले. "बाविसाव्या दिवशी बल्ब काढायचा आणि पिल्लं खुराड्यात सोडायची. उगाच लाड नकोत. आमच्या आजीच्या कोंबडीला कुठं होता बल्ब? दुसऱ्या दिवशी पिल्लं उकिरड्यावर हिंडायची. मरतील ती मरतील, उरतील ती काटक निघतील."

माना डोलल्या, विषय मिटला. वडीलधाऱ्या माणसाला चारचौघांत खोडून काढू नये म्हणून मी गप्प राहिलो. लिहिताना ती अडचण नाही. शिवाय हा सल्ला एकट्या त्यांचा नाही. पारावर, कृषी प्रदर्शनाच्या मांडवात, खाद्याच्या दुकानासमोर तो याच शब्दांत ऐकू येतो. आणि मी स्वतः तो एकदा पाळलेला आहे.

तेव्हा माझी ४० पिल्लं होती आणि महिना डिसेंबरचा होता. घरातल्या कोपऱ्यात पत्र्याचं गोल कडं, खाली भाताचं तूस, वर टांगलेला शंभराचा बल्ब. तीन आठवडे एक पिल्लू दगावलं नाही. बाविसाव्या दिवशी संध्याकाळी मी ती सगळी टोपलीत भरून अंगणातल्या खुराड्यात नेली. पंख चांगले फुटले होते, उड्या मारत होती. रात्री दहाला बॅटरी घेऊन पाहिलं, तर सगळी एकमेकांना बिलगून शांत बसलेली. मी समाधानाने झोपलो.

सकाळी खुराड्याच्या एका कोपऱ्यात पिल्लांचा ढीग होता. वरची पिल्लं उठली, किलबिलत बाहेर आली. मधली धडपडत उठली. खालची ११ उठलीच नाहीत. थंडीने ताठरलेली असतील असं मला वाटलं होतं. हातात घेतली तर ती कोमट होती, ओली होती आणि चपटी झाली होती. गारठ्याने त्यांना मारलं नव्हतं. गारठ्याने बाकीच्यांना त्यांच्या अंगावर चढायला लावलं होतं. पहाटे तीननंतर थंडी वाढत गेली असणार, आणि प्रत्येक पिल्लू ढिगाच्या आत शिरायला बघत असणार. मी रात्री दहाला पाहिलेली 'शांतता' ही त्या ढिगाची सुरुवात होती.

त्या ११ पिल्लांच्या हिशेबाने या सल्ल्याचे तिन्ही भाग तपासू. आधी आजी, मग २१ दिवस, मग काटकपणा.

आजीच्या कोंबडीला बल्ब नव्हता, हे शंभर टक्के खरं. पण तिच्याजवळ काय होतं ते कुणी सांगत नाही. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंश सेल्सियसच्या आसपास असतं. खुडूक होऊन रवणात बसलेल्या कोंबडीची पोटाखालची पिसं झडतात, कातडी उघडी पडते, आणि ती कातडी आधी अंड्यांना व नंतर पिल्लांना थेट भिडते. पिल्लांबरोबर हिंडणारी आणि त्यांना हवी तेव्हा जागच्या जागी बसणारी ही शेगडी. वीज जात नाही, तार लागत नाही. त्यातही सोय अशी, की ज्याला जास्त ऊब हवी ते पिल्लू पोटाशी शिरतं, ज्याला पुरे झाली ते पंखातून मुंडकं बाहेर काढून बसतं.

'दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर' हेही खरं. पण ज्याने ते अर्धा तास बसून पाहिलंय त्याला पुढचंही ठाऊक असतं. कोंबडी उकरते, कुटकुट करून पिल्लांना बोलावते, दहा-पंधरा मिनिटं टिपणं चालतं. मग कोंबडी अंग फुगवून मटकन खाली बसते आणि अंगण एकदम रिकामं होतं. पिल्लं गेली कुठे म्हणून बघावं, तर पंखाखालून दोन-चार पाय तेवढे दिसतात. थोड्या वेळाने पुन्हा उठाउठी. पहिल्या आठवड्यात हे दिवसभर चालतं, पुढे बैठका कमी होत जातात. आणि रात्र? रात्र पूर्ण पंखाखाली. आजीच्या कोंबडीचं पिल्लू पहिल्या दिवसापासून उघड्यावर हिंडत होतं, पण महिना-दीड महिना त्याने एकही रात्र आईवाचून काढलेली नव्हती.

माझं सगळं म्हणणं याच फरकावर उभं आहे. 'पिल्लं बाहेर काढणं' या एका शब्दप्रयोगात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. पिल्लाचा दिवस बाहेर जाणं ही एक, आणि पिल्लाची रात्र बाहेर जाणं ही दुसरी. आजीची कोंबडी दिवस लवकर बाहेर काढायची आणि रात्र सर्वांत शेवटी. आजीचं नाव घेऊन सल्ला देणारे नेमकं उलटं करतात. तीन आठवडे पिल्लं दिवसरात्र बल्बखाली कोंडतात, आणि मग एका संध्याकाळी दिवसरात्र बाहेर टाकतात.

शिवाय खोक्यातून येणाऱ्या पिल्लाला आई नाही. अंड्यातला उरलेला बलक पोटात घेऊन ते जन्मतं. त्या शिदोरीवर दोन-तीन दिवस निघतात, म्हणून तर ते एसटीने, टेम्पोने दूरवर पाठवता येतं. पण ती शिदोरी खाण्याची आहे, उबेची नाही. एक दिवसाच्या पिल्लाला स्वतःच्या अंगाचं तापमान राखता येत नाही. आणि गिरिराजा, वनराज या सुधारित जाती जास्त अंडी, जास्त मांस यासाठी निवडून तयार केलेल्या. त्यांच्या कोंबड्या क्वचितच खुडूक बसतात. आपण जादा अंडी घेतली आणि बदल्यात आई दिली. त्या आईची जागा कशाने तरी भरायला हवी, हे सरकारी योजनेलाही कळलेलं आहे. परसातल्या कुक्कुटपालनाच्या केंद्रीय योजनेत पिल्लं आधी चार आठवडे एका ठिकाणी वाढवून मग लाभार्थ्याला द्यायची अशी रचना होती, आणि त्या ठिकाणाला नावच 'मदर युनिट' होतं. वनराज आणि ग्रामप्रिया जिने तयार केल्या, ती हैदराबादची कुक्कुट संशोधन संस्था तर परसात सोडण्याआधी सहा आठवडे सांभाळ करायला सांगते.

'बल्ब' या शब्दानेही अलीकडे घात केलाय. शंभर पिल्लांना दोनशे वॉट, म्हणजे पिल्लामागे दोन वॉट, हा हिशेब जुन्या तारेच्या बल्बचा. तो बल्ब विजेतला बराचसा भाग उष्णता म्हणून टाकायचा, म्हणून तर तो घरातून हद्दपार झाला. मी एका घरी नऊ वॉटचा एलईडी टांगलेला पाहिला. खोली लख्ख उजळलेली, आणि पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढलेली. घरमालक म्हणाले, "बल्ब तर चालू आहे की!" उजेड होता, ऊब नव्हती.

आता २१ दिवस. हा आकडा आला कुठून? मला शंका आहे, की तो अंड्यातून आला. अंडं उबायला २१ दिवस लागतात हे गावात पोराटोरांना ठाऊक असतं. तोच आकडा घसरत घसरत पिल्लाच्या वयाला चिकटला असावा. त्याला आधार देणारी एक फसवी खूण मात्र आहे. तीन आठवड्यांच्या पिल्लाला पंख आणि शेपटी फुटलेली असते, वरून ते छोट्या तलंगेसारखं दिसतं. पण पिसं एका क्रमाने येतात. पंखांची सर्वांत आधी, मग शेपटी आणि खांदे, मग छाती-पाठ. मान, डोकं आणि पोट-काखेकडचा भाग मागाहून. तीन आठवड्यांचं पिल्लू हातात घ्या, उताणं करा आणि पोटावर हळूच फुंकर मारा. लव बाजूला होते आणि खाली गुलाबी कातडी दिसते. ज्या पोटाने ते रात्री जमिनीवर टेकणार आहे, तेच पोट अजून उघडं आहे. पंख फुटले म्हणजे पांघरूण मिळालं, असं नसतं. पिल्लाला बाहेरची रात्र सोसेल एवढी पिसं भरायला साधारण पाच-सहा आठवडे लागतात, भारी अंगाच्या जातीला आणखी.

आणि समजा, २१ हा आकडा कुठेतरी बरोबर असेल. पण तो कुठला? पिल्लांच्या उबेचं सर्वमान्य गणित असं : पहिल्या आठवड्यात ३५ अंश, मग दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी, सहाव्या आठवड्यापर्यंत २०-२१ अंश. या हिशेबाने चौथ्या आठवड्यात लागलेल्या पिल्लाला २६ अंशांच्या आसपास ऊब हवी. जानेवारीत निफाडला पहाटे पारा एक आकडी होतो, तेव्हा बाविसाव्या दिवसाच्या पिल्लाला आपण किती अंशांच्या खड्ड्यात ढकलतोय? उलट मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे दुपार ४५ अंशांना टेकते. तिथे पहिल्या आठवड्यातही दुपारचा बल्ब बंद ठेवावा लागतो, आणि खुराड्याचं पत्र्याचं छप्पर हाच मोठा शत्रू ठरतो. कोकणात जुलैत पारा फारसा खाली येत नाही, पण ओल इतकी की भिजलेलं पिल्लू वाळतच नाही, आणि भिजलेली लव ऊब धरत नाही. तिन्ही ठिकाणी एकच तारीख लागू करणं म्हणजे सगळ्या महाराष्ट्राला एकाच दिवशी पेरणी करायला सांगण्यासारखं आहे.

पिल्लू स्वतः काय सांगतं ते पाहणं सोपं आहे. उबेखाली गर्दी केली तर थंडी वाजतेय. कड्याला जाऊन चोच उघडून धापा टाकत असतील तर उकडतंय. सगळी एका बाजूला सरकली तर दुसरीकडून वारा घुसतोय. सगळीकडे सारखी पसरून खात-पीत, आडवी पडत असतील तर ठीक. दोन मिनिटं थांबून बघितलं की हे दिसतं, त्याला कॅलेंडर लागत नाही. फक्त ते पहाटे बघायला हवं, कारण रात्रीतली सर्वांत थंड वेळ पहाटेची असते. रात्री दहाची पाहणी आपल्याला झोप लागावी म्हणून असते. माझ्या ११ पिल्लांनी मला हे शिकवलं.

तिसरा भाग मला सर्वांत जास्त चिडवतो. 'मरतील ती मरतील, उरतील ती काटक.' ऐकायला मर्दानी, निसर्गाच्या बाजूचं वाटतं. पण त्या ढिगाकडे पुन्हा बघा. तळाशी कोण होतं? गारठा जाणवताच जे सर्वांत आधी कोपऱ्यात जाऊन बसलं, ते. वर कोण होतं? जे उशिरा आलं, ते. यात काटकपणाचा संबंध कुठे आला? तळातलं पिल्लू दुबळं नव्हतं, त्याच्या अंगावर इतर पिल्लांचं ओझं होतं. तीच गोष्ट मुंगसाची. जाळीला चिकटून झोपलेलं पिल्लू ते ओढतं. चिकन जाळीच्या इंचभर भोकातून पाय खेचून घेणारी घूस पिल्लाची कुवत तपासत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डची जाळी बसवली असती तर तेच पिल्लू वाढून तुमचं सर्वांत चांगलं अंडं देणारं ठरलं असतं, कुणास ठाऊक.

आणि क्षणभर मान्य करू, की उरलेली खरोखर काटक निघाली. त्यांचं पुढे काय होतं? नर बाजारात जातात, माद्या दोन वर्षं अंडी घालतात आणि मग त्याही जातात. पुढची शंभर पिल्लं येतात ती पुन्हा हॅचरीतून. त्यांच्या आईबापांनी तुमचं अंगण पाहिलेलं नसतं, तुमचा डिसेंबर सोसलेला नसतो. निवड तेव्हाच निवड असते, जेव्हा उरलेल्यांची पिलावळ पुढे चालते. इथे दरवेळी पाटी कोरी. दरवेळी तेवढीच मरणार, दरवेळी तेच वाक्य. आजीच्या गावठी कोंबड्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या अशी निवड झाली, हे मी मानतो. म्हणूनच गावठी कोंबडी गावठी आहे. ते श्रेय आपल्या खोक्यातल्या पिल्लांच्या खात्यावर जमा करू नये.

इथे दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही एक शब्द. काही जण पिल्लं आठ-आठ आठवडे खोलीतून हलवत नाहीत. पिल्लाला पहिल्या महिन्यात अर्धा चौरस फूट पुरतो, दोन महिन्यांच्या पिल्लाला त्याच्या दुप्पट लागतो. खोली तेवढीच राहते. तूस ओलं होतं, दार उघडल्याबरोबर डोळे चुरचुरतात, पिल्लं एकमेकांची पिसं उपटायला लागतात. ओल्या उबदार तुसात रक्ती हगवणीचे जंतू एक-दोन दिवसांत तयार होतात, आणि तीन ते आठ आठवडे हाच तिचा हंगाम. आजीच्या पिल्लांना अंगणातून हे जंतू थोडे-थोडे मिळायचे आणि अंगात प्रतिकार तयार व्हायचा. कोंडलेल्यांना ते एकदम मिळतात. म्हणजे आजीचा पहिला अर्धा धडा, दिवस लवकर बाहेर काढण्याचा, ही मंडळी विसरली, आणि आपले जाणते गृहस्थ दुसरा अर्धा.

मग करायचं काय? दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून, ऊन चांगलं असेल आणि वारा नसेल तेव्हा, दुपारी तासभर पिल्लं अंगणात डालग्याखाली किंवा जाळीच्या चौकटीत ठेवावीत. घार-कावळा वर, मांजर बाजूला, हे गृहीत धरून. घरात बल्ब आधी दुपारचा बंद, मग संध्याकाळचा, आणि पहाटेचा सर्वांत शेवटी. रात्रभर बल्बशिवाय चार-पाच रात्री पिल्लं पसरून झोपली, की खुराडं. न्यायचं ते सकाळी, म्हणजे अंधार पडेपर्यंत जागा ओळखीची होते. बरोबर तीच भांडी आणि घरातलं मूठभर कोरडं जुनं तूस. कोपऱ्यांत पुठ्ठे वाकवून लावायचे, म्हणजे ढीग करायला कोपराच उरत नाही. पहिले काही दिवस बाहेर सोडायचं नाही. नाहीतर तिन्हीसांजेला ती खुराड्यात शिरत नाहीत, दारापाशीच घोळका करून बसतात. खुराड्यात थोडा उजेड ठेवला तर आपणहून आत जातात. मोठ्या कोंबड्यांबरोबर लगेच मिसळायचं नाही, मध्ये जाळी हवी. आणि मानमोडीची लस ज्या दिवशी, त्या दिवशी स्थलांतर नाही. पहिल्या आठवड्यात लासोटा, महिन्याने तिचीच पुन्हा मात्रा, आठव्या आठवड्यात आर-टू-बी, हे वेळापत्रक सांभाळूनच घर बदलायचं. दोन धक्के एका दिवशी नकोत.

एवढ्यावर आक्षेप येतो खर्चाचा. मांडूच हिशेब. शेवटच्या आठवड्यात शंभर पिल्लांना रात्री बारा तास शंभर वॉट, म्हणजे रात्रीला सुमारे सव्वा युनिट. युनिटला दहा रुपये धरले तरी आठवड्याचे नव्वद रुपये होत नाहीत. महिनाभर वाढवलेलं एक सुधारित पिल्लू यापेक्षा महाग जातं. माझी गेली ती अकरा. जिथे वीज रात्री-अपरात्री जाते तिथे मात्र ही अडचण खरी आहे, आणि मग लोक बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवतात. तिचा धूर दिसत नाही म्हणून धोका नाही असं समजू नये; धुराला वाट हवीच.

आणि हा हिशेब सोसतं कोण? सल्ला पारावरून येतो, पिल्लं बचत गटाच्या कर्जातून. अंड्यांचे पैसे खेड्यातल्या कितीतरी घरांत बाईच्या हातात राहणारे एकमेव पैसे असतात. 'मरतील ती मरतील' म्हणणाऱ्याचं त्यातलं काहीच मरत नाही. त्या बैठकीतल्या वहिनी पुढे हप्ता भरत राहतात.

शेवटी पुन्हा आजी. माझ्या आजीकडे पाच-सहा कोंबड्या असायच्या. तिन्हीसांजेला ती पिल्लं मोजायची, एखादं कमी भरलं तर कंदील घेऊन परसात शोधायची. कोंबडीसकट पिल्लं डालग्याखाली झाकायची, वर पोतं, पोत्यावर दगड. हिवाळ्यात डालगं उचलून चुलीच्या खोलीत घ्यायची, कारण तिथली जमीन रात्रभर कोमट असायची. आणि पहाटे, दळणाच्याही आधी, पोत्याखाली हात घालून चाचपायची. तरीही एका रवणातली दहा-बारा पिल्लं निघाली तर तीन-चार जायचीच, आणि त्या दिवशी ती कुणाशी नीट बोलायची नाही. 'उरली ती काटक' असं तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

त्या जाणत्या गृहस्थांची आजीही अशीच पहाटे उठत असणार. त्यांच्या लहानपणी ते झोपलेले होते, एवढंच.